पायावरची रेघ

भवानी पेठेतल्या शकुंतलाबाई शाळेचे गणवेश शिवायच्या. खडूने आखलेली त्यांची वळणाची रेघ ताटाच्या काठासारखी एकसारखी यायची. पोरं वाढती असतात म्हणून प्रत्येक शिवणीत इंचभर कापड जास्त सोडायचं, ही त्यांची जुनी खोड. "अंग वाढतंय, तर शिवणीनं बी वाढाय पायजे की," म्हणायच्या.

मशीनच्या पत्र्याला पोटरी खरचटल्याचं निमित्त झालं. पाय सुजला, लाल झाला, ताप चढला. चार दिवस सलाईन लावून दवाखान्याने घरी सोडलं. सोडताना डॉक्टरीणबाईंनी लालीच्या कडेकडेने पेनाने रेघ ओढली आणि बजावलं, "गोळ्या संपेपर्यंत घ्यायच्या. सोमवारी दाखवायला यायचं. पण लाली या रेघेबाहेर गेली, तर सोमवारची वाट बघायची नाही. त्याच दिवशी यायचं."

शेजारी उभ्या असलेल्या लेकीने, इंद्रायणीने, हे नीट ऐकलं. तिचं सासर अकलूजला. रोज संध्याकाळी व्हिडिओ कॉलवर पाय दाखवायचा, असं वचन घेऊनच ती परत गेली.

शनिवारी सकाळी लाली रेघेच्या दोन बोटं पुढे आली होती.

शकुंतलाबाईंना यजमान आठवले. ते असाच पाय घेऊन दवाखान्यात गेले होते. आधी बोट कापलं, मग पाऊल, आणि मग माणूसच घरी आला नाही. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. या बाईंनी तर ताकाचं भांडंच पालथं घातलं. ओल्या फडक्याने त्यांनी जुनी रेघ पुसली आणि लालीच्या इंचभर बाहेरून नवी ओढली. एरवी इतकी शहाणी बाई, पण भीतीपुढे शहाणपण टिकलं नाही.

संध्याकाळी फोन आला.

"दाव बघू पाय."

"रेघेच्या आतच हाय की," शकुंतलाबाई लगबगीने म्हणाल्या. अंगात कणकण होती, ती सांगितली नाही.

इंद्रायणी बराच वेळ बघत राहिली. आईच्या खडूच्या रेघा बघतच ती लहानाची मोठी झाली होती.

"आई, डॉक्टरीणबाईंची रेघ वाकडीतिकडी होती," ती म्हणाली. "ही तुझी हाय."

शकुंतलाबाईंनी फोन बंद केला. मग तो कितीदा वाजला तरी उचलला नाही.

सकाळच्या पहिल्या एसटीने लेक येऊन ठेपली. तोवर लालीने नवी रेघही ओलांडली होती, आणि आईला धड उभं राहवत नव्हतं.

दवाखान्यात त्याच डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी पुसट जुनी रेघ बघितली, ठळक नवी बघितली.

"कालच का आला नाहीत?"

शकुंतलाबाईंनी लुगड्याचा काठ नव्या रेघेवर ओढला.

"पाय ऱ्हाईल न्हवं?" त्यांनी विचारलं.

"आज नाही सांगता येणार," म्हणत डॉक्टरीणबाईंनी गुडघ्याच्या वर तिसरी रेघ ओढली आणि सलाईन सांगायला बाहेर गेल्या. पेन कॉटवरच राहिलं. इंद्रायणीने ते उचलून आपल्या पर्समध्ये टाकलं आणि आईचा रेघा ओढणारा उजवा हात धरून बसली.