माय सांगत होती, मी लिहीत नव्हते

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, शाळेतल्या मैत्रिणींना नाही. मग तुम्हाला का सांगते आहे? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल. ओळखीच्या माणसाच्या डोळ्यांत बघून हे बोलायचं धाडस माझ्यात नाही – तेवढं आधीच कबूल करते.

आमचं गाव पिंपळगाव राजापासून थोडं आत. वडील लवकर गेले. दीड एकर कोरडवाहू कपाशी आणि मायची सुई, एवढ्यावर मी शिकले. आमच्या गल्लीत बी.ए. झालेली मी पहिली. मायला अक्षर येत नाही, ती अंगठा करते. शाळेत कधी भाषण करायची वेळ आली की मी सांगते – माझी पदवी माझ्या मायने टाका टाका घालून शिवलेली आहे. मुलींचे डोळे भरून येतात. ते खोटं नाही. खोटं पुढे आहे.

लोक जुनी लुगडी, धोतरं, शर्ट आणून द्यायचे आणि माय त्यांची गोधडी शिवून द्यायची. प्रत्येक गाठोड्यातला एखादा कपडा मात्र ती विचारून मागून घ्यायची. त्यांतून तिच्या स्वतःच्या गोधड्या व्हायच्या. त्या विकायच्या नव्हत्या, पांघरायच्याही नव्हत्या. मधे एक चौकट, तिच्याभोवती दुसरी, मग तिसरी. एकेका गोधडीला वर्ष-वर्ष लागे. आणि कुठला तुकडा कुणाचा, हे तिला सगळं तोंडपाठ होतं – हा अमकीच्या साखरपुड्याचा, हा तमकीच्या पहिल्या बाळंतपणातला. पारावरचे म्हातारे थट्टेने म्हणायचे, "गावाचा सातबारा तलाठ्याकडं नाही, या बाईच्या पेटीत हाय."

कपाशीचं नवं बियाणं आलं त्या पहिल्या वर्षांत तिच्याकडे गाठोड्यांचा ढीग लागला होता. बायका नव्या साड्या घेत, जुन्या टाकत. नंतर आल्या त्या गुळगुळीत साड्या सुईखालून सटकायच्या. मग एकेक वर्ष असं आलं, की कुणी काही टाकेचना. विरलेलं लुगडंही अंगावरच राहू लागलं. गावाचं काय चाललं आहे, ते मायला बाजारभावाआधी गाठोड्यांवरून कळायचं.

बोंडअळी परत आली, तेव्हा फवारण्या वाढल्या. आमच्या गल्लीतला सलीमभाऊ रोजाने पंप पाठीवर घ्यायचा. एका हंगामात फवारणीचं विष अंगात भिनून तो गेला. तीन दिवस दवाखान्यात होता. अंगावरचे कपडे जाळून टाकले, बाकीचे वाटून दिले. त्याच्या बायकोकडे, सायराभाभीकडे, त्याचं म्हणून काही उरलं नाही. फक्त – त्याच्या आदल्या वर्षी तिने मायला एका गाठोड्यात त्याची निळ्या चौकड्यांची जुनी कमीज दिली होती. मायने ती एका गोधडीच्या मधोमध लावली होती. पूर्ण चौकट. भाभी अधूनमधून आमच्याकडे येऊन ती बघायची. पेटी उघडायची, वरच्या दोन गोधड्या बाजूला करायची, हात फिरवायची आणि चहा न घेता जायची. मी हे पाहिलेलं होतं. मला माहीत नव्हतं, असं म्हणायची सोय मला नाही.

मला खामगावला शाळेत नोकरी लागली. मायचे गुडघे गेलेले, शेत करायला कुणी नाही. तिला घेऊन जायचं ठरलं. भाड्याच्या दोन खोल्यांत एकवीस गोधड्या कुठे ठेवणार? मी म्हटलं, दोन-तीन घे. दोन दिवस ती एकेक गोधडी उलगडून पुन्हा घडी घालत होती. मग म्हणाली, एकही नको. ज्या घरचे तुकडे जास्ती, त्या घरी ती गोधडी जाईल. तिला चालवत नव्हतं, म्हणून घरोघर मी न्यायची. आणि प्रत्येकीबरोबर एक कागद – गोधडी कुणाची, त्यात कुणाकुणाचं काय आहे. ती सांगणार, मी लिहिणार. ती हरखली होती. म्हणाली, "माह्या डोक्यातलं आता तुह्या अक्षरात राहीन."

दोन दुपारी ती सांगत होती. पहिल्या सहा-सात मी नीट लिहिल्या. मग मला कंटाळा आला – दुसरं काय म्हणू? माझ्याकडे तपासायच्या उत्तरपत्रिका होत्या, ट्रक ठरवायचा होता, आणि तिचं एकेक तुकड्यावरून लांबण लागायचं. मी वहीवर पेन फिरवत राहिले. ती थांबून विचारायची, "लिवलं का?" मी म्हणायचे, "हो." मी माझी सही करत होते. नव्या नोकरीत कशी करायची, ती सही. नाव, आडनाव, पुढे बी.ए. पानभर. ती समोर बसून त्या पानाकडे कौतुकाने बघत होती.

कागद तयार करायची वेळ आली, तेव्हा मी अंदाजाने नावं टाकली. कुठे तरी ऐकल्यासारखं आठवत होतं, कुठे नाही. शेवटी आहे ती गोधडी आणि उरलं ते घर, असं केलं. आणि वाटून आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी सायराभाभी आली. हातावर गोधडी, हिरव्या काठांची. भांडायला आलेली नव्हती. दारात उभी राहून म्हणाली, "मावशी, हे ते गोधडी नाही, यात त्यायची कमीज नाही. तुमीच सांगा, ते कोनाकडं गेली."

मायने गोधडीला हातही लावला नाही. म्हणाली, "हे तं कमलची होय. तुही निळी. मी वंदीले सांगतलं होतं." वंदी म्हणजे मी.

निळी कमलकाकूकडे होती. आमच्यापासून पाचवं घर. उठायचं, चालत जायचं, माझं चुकलं म्हणून मागून आणायची – किती वेळ लागला असता? पण दारात आणखी दोघी-तिघी जमल्या होत्या. त्यांचे अर्ज मी लिहायचे, त्यांच्या मुलांचे दाखले मी वाचून दाखवायचे. मायने सांगितलेलं हिने लिहिलंच नाही, हे त्यांना कळलं असतं.

मी वही उघडली. सह्यांचं पान. त्यावर बोट ठेवून मी वाचलं – वाचल्यासारखं बोलले – "निळ्या चौकड्यांची, कमलकाकू. हिरव्या काठांची, सायराभाभी. माय, तूच सांगितलंस असं. हे बघ."

तिने खरंच बघितलं. पानावर वाकून, बराच वेळ. त्या पानावर तिच्या मुलीचं नाव होतं आणि तिला ते वाचता येत नव्हतं. मग हळू म्हणाली, "कागदात असन तं मंग माह्यंच चुकलं."

कुणीतरी हसत म्हणालं, "मावशीच्या सातबाऱ्यात घोळ झाला वाट्टे." सायराभाभी हसली नाही. "राहू द्या मावशी, वय झालं का होते असं," म्हणाली, आणि ती हिरवी गोधडी घेऊन गेली. कमलकाकूचं घर दिवाळीनंतर पुण्याकडे कामाला गेलं. सामानात निळी गोधडीही गेली. दिवाळीपर्यंत ती पाच घरांवर होती, हे मी पुन्हा सांगते, कारण माझ्याकडे एक सकाळ नव्हती – कित्येक आठवडे होते.

आणि गोधडी गेली एवढंच असतं तर! त्या दिवसापासून माय स्वतःच्या बोलण्यावर विश्वास ठेवीनाशी झाली. आधी मला वाटलं, दोन दिवसांत विसरेल. पण ती विसरणारी बाई नव्हतीच, तिथेच तर सगळं अडलं. खामगावला आल्यावर ती मला विचारू लागली, दूधवाल्याला पैसे दिले का मी? तिने दिलेले असत. माझ्या वडिलांना जाऊन किती वर्षं झाली, हेही तिने मला विचारलं. तिला एका डॉक्टरकडे नेलं. त्यांनी बरंच काही विचारलं, तिने सगळं बरोबर सांगितलं आणि प्रत्येक उत्तरानंतर माझ्याकडे बघितलं. डॉक्टर म्हणाले, हिला काहीही झालेलं नाही. घरी येताना रिक्षात मी तिला म्हटलं, वयाने होतं, गोळ्या दिल्या आहेत. का म्हटलं? डॉक्टर खरे ठरले असते, तर वही खोटी ठरली असती.

सुई तिने सोडली. एकदा मीच हौसेने माझ्या दोन जुन्या साड्या तिच्यापुढे ठेवल्या. तिने त्या उलगडल्या, काठावर बोट फिरवलं आणि विचारलं, "ह्या कोनाच्या?" त्यातली एक माझ्या लग्नातली होती. तिनेच घेतलेली. तिला माहीत होतं, तिच्या बोटाला माहीत होतं. पण मी सांगेपर्यंत तिने ते खरं धरलं नाही.

नातेवाईक येतात तेव्हा तिच्यासमोरच सांगतात, हिचं आता डोकं राहिलं नाही. ती मान हलवते. मीही.

वहीतली ती पानं मी फाडून टाकली. सायराभाभीला मी नंतर कधी भेटले नाही. गावाला जायचं टाळते.

हे मी दुपारच्या सुट्टीत, घरी, टेबलाशी बसून लिहिते आहे. माय तीन हातांवर, खाटेवर बसलेली आहे. आत्ताच तिने विचारलं, काय लिहून राह्यली. शाळेचं काम आहे, असं मी सांगितलं. ती बरं म्हणाली.