उधन्यात चिनी पाहुणे

पोटात काही ठेवायचं मला कधी जमलंच नाही. नव्वदीच्या दशकात मी उधन्याच्या एका मिलच्या ऑफिसात टायपिस्ट होते. चीनबरोबर सरहद्दीवर शांतता ठेवायचा करार होऊन एक-दोन वर्षं झाली होती, आणि आमच्या गुजराती शेठनी चक्क चीनहून कापड रंगवायचं मशीन मागवलं. ते बसवायला दोन चिनी फिटर येणार! ऑफिसात कुणीच कधी चिनी माणूस पाहिलेला नव्हता. माझे तर आठ दिवस पाय जमिनीवर नव्हते.

त्या भरात मी शेठसमोर बोलून गेले, "आमच्या आबांना चिनी येतं की! सात महिने राहिलेत ते तिकडं."

आबा म्हणजे माझे वडील, त्याच मिलचे गेटवरचे वॉचमन. राहिले होते हे खरं, पण बासष्टच्या लढाईत पकडले गेले म्हणून, कैदी म्हणून. त्या सात महिन्यांबद्दल घरात त्यांनी चकार शब्द काढला नव्हता. शेठना एवढं कुठं ठाऊक! "तो पछी दुभाषियो शुं काम?" म्हणत त्यांनी मुंबईच्या दुभाष्याला फोन करून येऊ नको म्हणून सांगितलंसुद्धा.

डिंडोलीला घरी येऊन हे सांगितलं आणि आबा भडकले. "तुले अक्कल शे का नही?" संतापले की ते अहिराणीवर यायचे. "मी येवाव नही!"

"आबा, आता दोस्ती झालीय. दिल्लीवाल्यांनी हात मिळवले."

"त्यांनी मिळवले तर मिळवू दे. माझा हात माझ्यापाशी आहे. फार तर नोकरी सोडीन."

"मग बसा जन्मभर तोच राग कुरवाळत!" मी फणकारले आणि न जेवता झोपले. झोप कसली? माझ्या जिभेपायी आबांची नोकरी जाणार, हेच डोक्यात घोळत होतं.

पण फिटर यायच्या दिवशी आबा आले. इस्त्रीचा युनिफॉर्म, तोंड घट्ट मिटलेलं. गाडी आली, हार झाले, टिळे झाले, मशीनपुढं नारळ फुटला. मी नुसती इकडून तिकडं नाचत होते. फिटरांपैकी एक तरुण होता, दुसरा आबांच्याच वयाचा. मे महिन्याचं ऊन, त्यात रात्रभरचा प्रवास; म्हातारा खुर्चीत बसला तोच पांढराफटक पडला. बर्फाचं पाणी दिलं, नको. सरबत दिलं, नको. कोल्ड्रिंक तर त्यानं हातानं दूरच सारलं. हातवारे करून काहीतरी मागत होता, पण कळणार कुणाला?

"वॉचमनला बोलवा!" शेठ ओरडले.

आबा आले आणि त्या माणसाकडं बघत उभे राहिले. आणि तसेच परत फिरले. गेलं, सगळं गेलं, मी म्हटलं. पण ते गेटवरच्या आपल्या केबिनमधल्या स्टोव्हपाशी गेले होते. स्टीलच्या ग्लासात पाणी उकळून आणलं, दोन्ही हातांनी पुढं केलं आणि एकच चिनी शब्द बोलले. म्हातारा दचकलाच! फुंकर मारत घोट घोट प्यायला, तोच शब्द पुन्हा म्हणाला आणि त्यानं आबांचा हात धरला. आबांनी तो सोडवून घेतला नाही. लोकांनी टाळ्या पिटल्या. माझा आनंद तर गगनात मावेना.

संध्याकाळी घरी जाताना मी विचारलं, "आबा, काय म्हणालात हो तुम्ही?"

"गरम पाणी."

"हे कुठं शिकलात?"

"तिकडं मी तापानं फणफणलो होतो. वाचायची आशा नव्हती. त्यांचा एक पहारेकरी रोज सकाळी गरम पाणी घेऊन यायचा, उठवून पाजायचा. त्यानंच शिकवलं."

मला काही उमजेना. "मग एवढी वर्षं राग कसला धरलात?"

आबा थांबले.

"राग कुठं होता, पोरी? माझ्या तुकडीतली पोरं तिथं मेली. त्यांच्या आयांना काय तोंडानं सांगणार होतो, की मला त्यांनीच जगवलं म्हणून?"