बयाजेचं शेवटचं पान

आज मी चार शब्द लिहितो ते म्हसळ्याच्या मुकादम सरांमुळे. आमच्या घरात माझ्याआधी कोणी दहावीपुढे गेलं नव्हतं. सरांनी मला कॉलेजात धाडलं, शिवाय घरी बसवून फारसी शिकवली. त्यांच्याच कामासाठी मी दुबईला निघालो.

सरांच्या घराण्यात पाचशे वर्षांपूर्वीची एक बयाज (जुन्या ग्रंथांतले आवडते उतारे उतरवून घेतलेली वही) आहे. भावांच्या वाटणीत ती शिवणीतून दोन झाली. पुढचा भाग सरांकडे राहिला, मागचा दुबईला गेला. सरांनी आपल्या भागाचं मराठी भाषांतर केलं. अडलं फक्त मुखपृष्ठ. त्यावर उतारे वेचणाऱ्याचं नाव हवं, आणि ते शेवटच्या पानावर असतं.

"नाव घेऊन ये," सर म्हणाले, "मला दिसतंय तोवर."

विमान उतरलं तेव्हा आकाश धुळीनं मळलेलं होतं. समुद्र दिसलाच नाही.

सरांचे पुतणे नजीरभाई डिस्कव्हरी गार्डन्समध्ये राहतात. त्यांनी सांदणं (तांदळाच्या रव्याची, वाफवलेली) आग्रहानं वाढली.

"काका अजून त्या वहीतच का? भिंतीवर बघा, आम्ही कशी जपलीय!"

भिंतीवर चार पानं होती, सोनेरी फ्रेममध्ये.

"बाकीची?"

"बहिणींना लग्नात वाटली. प्रत्येक उतारा आपापला पुरा, मग वहीची पानं सुटी केली तर बिघडलं काय?"

ती वहीसुद्धा दुसऱ्यांच्या ग्रंथांतून वेचूनच झाली होती. मी शेवटचं पान कुठे, एवढंच विचारलं.

"ते साधं हो, नक्षीसुद्धा नाही. धाकटीकडे असेल, मरीनाला. यल्ला, जाऊ या!"

दुबई मरीनात, तिसाव्या मजल्यावर, ते पान चपलांच्या कपाटावर टांगलेलं होतं. मी भिंग लावलं. शेवटच्या ओळीखाली लगेच फ्रेमची कड.

धाकटीची मुलगी म्हणाली, "मामू, इट डिडन्ट फिट. सो दे ट्रिम्ड इट."

नजीरभाईंनी फ्रेमवाल्याला फोन लावला, दोन वाक्यं बोलले आणि ठेवला. "खलास," ते हळूच म्हणाले.

परतल्यावर थेट म्हसळ्याला जायचा धीर झाला नाही. मुंबईत उतरून मोठ्या अक्षरांत पत्र लिहिलं आणि टाकलं:

"सर, शेवटची ओळ अशी आहे : 'यातले माझे काही नाही. वेचणारा मी.' नाव त्याखाली होतं. पान फ्रेममध्ये बसेना म्हणून तेवढी पट्टी कापली गेली, आणि कात्रणं फ्रेमवाला त्याच दिवशी टाकतो. नजीरभाईंना बोलू नका. फ्रेमवाल्याला त्यांनीच लगेच फोन लावून विचारलं. पुस्तक आता छापू या, नावाची जागा कोरी ठेवून. तिथे तुमचं नाव घालावं असं मनात आलं होतं. तुम्ही रागवाल, म्हणून विचारत नाही."