पोटाखालची होडी

आबांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, उजव्या डोळ्याची नजर काचबिंदूने गेली होती आणि डाव्याची जात होती. किती दिवस उरलेत ते डॉक्टरांनी सांगितलं नाही, म्हणून मी यादी करायला बसले. काय काय बघायचं आहे, असं विचारलं. समुद्र सांगतील असं वाटलं होतं. आबांनी एकच सांगितलं, "त्या इमानाची होडी पडताना बघायची हाय."

आबांनी जन्मभर बारामतीच्या एका वर्कशॉपमध्ये लेथ चालवला. निवृत्तीनंतर मोबाइलवर त्यांना महायुद्धातलं एक जपानी विमान सापडलं. टेहळणीचं, पाण्यावर उतरणारं. त्याच्या नावाचा अर्थ म्हणे जांभळा ढग. एकाच नाकावर दोन पंखे, एकमेकांच्या उलट फिरणारे. पंखांच्या टोकांना रबरी फुगे, उडताना मिटणारे. आणि पोटाखाली मोठी होडी. शत्रू मागे लागला की ती आकाशातच सोडून द्यायची आणि हलकं होऊन पळायचं. खऱ्या लढाईत ती सुटलीच नाही, असंही त्यांनी वाचलं होतं.

"पिन बरूबर बसली नसंल," ते म्हणायचे. शेजारच्या मशीनवरच्या माणसाची चूक सांगावी तसे.

मी लोणी देवकरच्या एका कारखान्यात तपासणी विभागात आहे. सुट्टीच्या दिवशी आम्ही थर्माकोलचं, रिमोटवर उडणारं विमान बांधलं. दोन पंखे जमले नाहीत. फुगे फुटले. होडी मात्र आबांनी चाचपून चाचपून बसवली, एका बारीक पिनेवर.

काटेवाडीला माझ्या आत्तेभावाचं शेततळं आहे. सकाळी स्कूटरवर निघालो, आबा मागे विमान मांडीवर घेऊन. उसावर धुकं होतं. रस्ता कुठे संपतो आणि आकाश कुठे सुरू होतं, ते कळत नव्हतं.

"मामा, होडी पडून माझ्या तळ्याचा प्लास्टिकचा कागद फाटला तर?" आत्तेभाऊ म्हणाला.

"थर्माकोल हाय रं. तुझ्या डोक्यात पडली तरी कळायची न्हाय तुला."

विमान पाण्यावरून उठलं आणि धुक्यात शिरलं. मी बटण दाबलं. पुन्हा दाबलं.

"सुटली?"

"नाही, आबा."

"त्यांचीबी न्हाय सुटली," म्हणत ते बांधावर खाली बसले.

विमान पाण्यावर उतरवून ओढून घेतलं, तेव्हा दिसली ती पारदर्शक टेप. वाटेत हलू नये म्हणून मीच होडीला लावलेली. कारखान्यात माल पाठवताना हलणारा प्रत्येक भाग आम्ही टेपने बांधतो. काढायची ती ग्राहकाने. निघण्याआधीच्या कामांच्या माझ्या यादीत 'टेप लावणे' होतं, त्यापुढे बरोबरची खूणही होती. 'टेप काढणे' नव्हतंच.

मी आबांना सांगितलं. ते हसले. "मंग जपान्यांच्यातबी तुझ्यावानी एक बाई आसंल."

बॅटरी एकाच फेरीची होती. पुढच्या रविवारी येऊ, मी म्हणाले.

"पुढच्या रविवारचं ह्या डोळ्याला इचार."

मी टेप काढली आणि विमान परत सोडलं. उरल्यासुरल्या बॅटरीवर मोटारीचा आवाज लगेच बारीक झाला. आता पाण्यावर उतरायला होडी नसणार, म्हणून गोठ्यामागच्या लसूणघासात उतरवायचं ठरवलं. बटण दाबलं आणि घासावर नजर लावली. मागे पाण्यात काहीतरी टेकल्याचा आवाज आला. विमान घासात पोटावर घसरत थांबलं.

होडी पडताना मी पाहिलीच नाही.

आबा बांधावर उभे होते. "आदी फुडचं टोक सुटलं," ते म्हणाले. "मंग आडवी झाली. धुक्यातनं आली, पांढरी. आन् इमान हातभर वर उडालं बघ. लई हळू पडली गं."

परतताना ते मागे बसून पुन्हा सुरुवातीपासून सांगू लागले. मी स्कूटर हळू केली.