कडेची खुर्ची

टॉकीजमध्ये शिरलं की आम्ही तीन गोष्टी आधी पाहायचो: पंखा कुठे आहे, खांब कुठे आहे आणि सावधानमामा कोणत्या रांगेत आहेत. मामा हटकून कडेची खुर्ची धरत. सिनेमा संपून पडद्यावर झेंडा आला, की ते ताठ उभे राहत. मग राष्ट्रगीत संपेपर्यंत त्या रांगेतून कुणाचीही सुटका नसे.

बाकीच्यांना घाई असे ती सायकल स्टँडची. उशीर झाला की शंभर सायकलींच्या मागून आपली ओढून काढावी लागे.

"ए मामा, हट ना बाजूले! सायकल काढाची आहे."

"सायकल पळून चालली काय गा? झेंडा दिसून नाही राहिला का तुले?"

मामा आमचे शेजारी. गाव पारशिवनीकडचं, नोकरी कापडाच्या मिलमध्ये. बौद्ध धम्माची दीक्षा घेतली त्या वर्षापासून ते नागपुरातच राहिले. माझे बाबा शाळेत शिक्षक. त्यांना मामांची ही अडवणूक पटत नसे. "नाचगाणी पाहून उठलेल्या माणसावर सक्ती कशाला? मनात आदर असला की पुरे," असं ते म्हणत.

"मनातलं मले काय दिसते गुरुजी? बाजूले कोण उभा आहे, तेवढं दिसते," मामा म्हणाले. "गावात पाटील आला की आम्ही हात बांधून, बाजूले सरकून उभे राहत होतो. या गाण्याले पाटीलबी उभा, मीबी उभा. दोघायचेबी हात सरळ."



एका रविवारी कुणीतरी मामांना ढकललंच. ते खुर्च्यांमध्ये पडले, चष्मा फुटला. रांग त्यांना ओलांडून गेली. मामा उठले आणि उरलेलं गीत संपेपर्यंत उभे राहिले. घरी येताना मी विचारलं, "लागलं का हो मामा?"

"लागलं नाही वं. पोरगा आपल्याच वस्तीतला होता. त्याच्या बापानं अन् मी एकाच दिवशी दीक्षा घेतली."

त्यानंतरही ते कडेलाच बसत, पण कुणी उठलं की आधी गुडघे बाजूला घेत, मग ताठ उभे राहत. त्यांच्यामागे सगळं थिएटर रिकामं होई.

पुढे टॉकीजवाल्यांनी राष्ट्रगीतच बंद केलं. कुणी थांबत नाही, उलट अपमान होतो, असं मॅनेजरचं म्हणणं. बाबा म्हणाले, "बरं झालं." आम्हाला हे माहीत होतं, मामांना नव्हतं. सिनेमा संपला, मामा सवयीने उभे राहिले. पडदा पांढराच राहिला. दिवे लागले, झाडूवाला आला. बाबा आणि आम्ही दाराशी थांबलो होतो.

"मामा, आता नाही लागत ते," डोअरकीपर म्हणाला.

मामा हळूहळू आमच्यापर्यंत आले. "पहिले लोक निघून जात होते, तेवढं तरी दिसत होतं गुरुजी," ते म्हणाले. "आता तेबी दिसनार नाही."

नंतर बाबांनी दोनदा त्यांचं तिकीट काढतो म्हटलं, कडेच्या खुर्चीचं. मामा आले नाहीत. मिल सुटल्यावर ते ओट्यावर बसत, आणि गल्लीतून कुणीही जाऊ लागलं की आपसूक पाय आत घेत.