गिरणीवाल्या वैनींची करवत

सन दोन हजार एकवीस. मी तेव्हा एकाहत्तर वर्षांचा होतो, आणि गिरणीवाल्या वैनी धडधडत्या इंजनावर तळहात ठेवून, डोळे मिटून उभ्या होत्या. मी काही विचारायला तोंड उघडलं की दुसरा हात वर करायच्या. "थांबा भावजी. त्ये काय म्हंतंय आयकू द्या."

इंजन काय म्हणणार? मला तर ते जन्मभर एकच धडधड करताना ऐकू आलं. पण वैनी ऐकायच्या, मान हलवायच्या आणि कुठलातरी एक नट पाव आटा आवळायच्या. धडधड जरा गोड व्हायची. हे मी पाहिलं आहे म्हणून सांगतो.

त्यांचं नाव लिहीत नाही. आज त्या असत्या तर म्हणाल्या असत्या, "माझं नाव कशाला, इंजनाचं लिवा." आमच्या मुळशीच्या वाडीत त्यांना सगळे गिरणीवाल्याच म्हणत. भाताची गिरणी त्यांच्या मालकांनी घातली. त्यांना मी दादा म्हणायचो. पाच घोड्यांचं डिझेल इंजन, त्यावरून भात भरडायच्या यंत्रावर गेलेला रुंद पट्टा, वर पत्र्याची शेड. दादा अचानक गेले तेव्हा वैनी चाळिशीच्या आतच होत्या. आम्हाला वाटलं, शेडला आता कुलूप लागणार. चौदाव्या दिवशी त्यांनी पदर खोचला आणि इंजनाला हँडल मारलं. हँडलनं उलटा फटका दिला, मनगट सुजलं. पंधराव्या दिवशी त्यांनी डाव्या हातानं मारलं.

पुढं एकोणीस वर्षं ती गिरणी त्यांनी चालवली. भात आलं की मुठीतला एक दाणा दाताखाली धरायच्या. "वलं हाय. न्या माघारी, दोन दिस ऊन द्या." मग समोर सरपंच का असेना. डिझेल जुन्या लुगड्यातून तीनदा गाळायच्या. एकदा घरात भाकरी थापत होत्या आणि तिथूनच ओरडल्या, "आरं, पोत्यात खडा हाय कुणाच्यातरी!" यंत्रावरचा गडी हसला. दोन मिनिटांत यंत्रातून कडकड आवाज आला आणि खडा निघाला. कसं कळलं, हे मला आजवर उमगलेलं नाही. त्यासाठी मी काम नसताना तिथं जाऊन बसायचो. शाळा माझी चौथीपर्यंत, पण चार गावांचे पंप आणि ट्रॅक्टर मी दुरुस्त केलेत. लोखंडातलं माझ्यापेक्षा जास्त कुणाला कळतं हे मला सोसायचं नाही. त्यातून बाईमाणसाला. आता खरं लिहायला बसलोय तर हेही लिहितो.

मग खाचरांचे प्लॉट पडू लागले. उरलेल्यांनी घरात विजेच्या छोट्या गिरण्या आणल्या. वैनींकडं कुणी येईना. तरी दर अमावस्येला त्या इंजन काढायच्या, पाव तास चालवायच्या, पुसायच्या, पोत्यानं झाकायच्या.

"वैनी, कुणासाठी चालवताय?" मी एकदा विचारलं.

"बसून ऱ्हायलं की सांधं धरत्यात, भावजी. त्याचं बी आन् माझं बी."

मुलगा भूगावला फ्लॅटमध्ये राहायचा, सातव्या मजल्यावर. वाईट नव्हता हो. आई एकटी आहे, वय झालंय, हे त्याच्या मनाला लागायचं. शेड पाडून भाड्याच्या खोल्या काढायच्या आणि आईला घेऊन जायचं, असं त्याचं ठरलं होतं. वैनींना जायचं नव्हतं.

"इंजन चालू हाय तवर मी हितनं हलायची न्हाई," त्या म्हणाल्या. मी तिथंच बसलो होतो.

"चालू आहे, पण कशासाठी, आई?" मुलगा म्हणाला. "त्याला काम दाखव एक. काम असलं आणि तुझ्यावाचून ते अडत असलं, तर राहा. मी शब्द काढणार नाही. नाहीतर येत्या सोमवारी भंगारवाल्याला बोलावलंय."

वैनींनी माझ्याकडं पाहिलं फक्त.

आता माझं ऐका. आदल्या वर्षीच्या वादळात माझा बांधावरचा फणस आडवा झाला होता. बापानं लावलेला. दोन माणसांच्या कवेत न मावणारा बुंधा. तलाठ्यानं येऊन पंचनामाही केला होता. वखारवाला आला, बुंध्याला लाथ मारून म्हणाला, "आजोबा, यात खिळे असतील, माझी करवत जाईल. जळणाच्या भावात देता का?" मी त्याला चहासुद्धा विचारला नाही. वर्षभर तो बुंधा तसाच पडून होता आणि मी रोज त्याच्याकडं पाहत होतो. त्या दिवशी वैनींनी पाहिलं आणि माझ्या डोक्यात दोन्ही गोष्टी एकत्र आल्या.

"वैनी, भात नाही तर लाकूड," मी म्हणालो. "ह्या इंजनावर मी करवत बांधतो. लाकूड कापायची गिरणी."

"बांधता येतीया का?"

"मला काय येत नाही?"

सहा दिवस होते. भंगारातून मोटारीची दोन चाकं आणली, टायरसकट. लोखंडी अँगलची चौकट जोडून दोन्ही चाकं एका रेषेत बसवली आणि त्यांवरून दातेरी पोलादी पट्टी फिरवली, एखादी माळ घालावी तशी. भाताचं यंत्र बाजूला सरकवलं. बुंध्यासाठी जुन्या पाइपाचे रूळ टाकले, बेअरिंगच्या चाकांचा गाडा केला. लाकूड गाड्यावर, गाडा हातानं ढकलायचा, करवत जागच्या जागी फिरणार. ट्रॅक्टरनं साखळी लावून बुंधा ओढत आणला. वैनी सगळं पाहायच्या. खिळे शोधायचं काम त्यांनी आपणहून घेतलं. बुंध्यावर विळ्याच्या मुठीनं टकटक करत जायच्या, कान लावायच्या आणि म्हणायच्या, "हितं." तिथं पोखरलं की खिळा निघायचाच. सात निघाले.

राहिला पट्टा. इंजनावरून भाताच्या यंत्रावर जाणारा पट्टा दादांनी मध्ये पीळ देऊन, इंग्रजी आठच्या आकड्यासारखा घातला होता. मी तो तसाच करवतीच्या चाकावर चढवला.

"ही आढी काढा की, भावजी," वैनी म्हणाल्या.

"दादांनी घातलेली आढी आहे. ती मी सोडणार नाही."

"त्येंनी तांदळासाठी घातली व्हती. लाकडासाठी न्हाई."

"वैनी, तुम्ही खिळे शोधा."

शुक्रवारी इंजन लावलं. करवत सुसाट पळाली, बघायला आलेली माणसं दोन पावलं मागं सरली. गाडा ढकलला. करवत लाकडाला लागली, धूर निघाला, जळका वास सुटला आणि बुंध्यावर एक काळी रेघ उमटली. एवढंच. मी दात घासून धार लावली. पुन्हा धूर. शनिवारी पौडला जाऊन नवी पट्टी आणली. तिचाही धूर. एकजण म्हणाला, "आजोबा, फणस कापताय का भाजताय?" सगळे हसले. मी पाना आपटला आणि बांधावर जाऊन बसलो.

शनिवारी दुपारी वैनींनी हाक मारली. गेलो तर इंजन बंद होतं आणि त्यांच्या हातात परसातली एक काकडी. त्यांनी काकडी करवतीच्या दातांवर टेकवली आणि म्हणाल्या, "चाक फिरवा हातानं. इंजन फिरवतंय त्याच अंगानं." मी फिरवलं. दात काकडीवरून घसरत गेले, साल नुसती खरवडली.

"खाजवतंय तिला," त्या म्हणाल्या. "आता उलटं फिरवा."

उलटं फिरवलं. कचकन काकडीचे दोन तुकडे झाले. एक त्यांनी मला दिला, एक स्वतः खाल्ला.

तुम्ही म्हणाल, एवढं साधं कळलं नाही याला? नाही कळलं. मी जन्मभर दोन माणसांची करवत ओढली. या टोकाला एक गडी, त्या टोकाला दुसरा. ती जाताना कापते आणि येतानाही कापते. करवतीला एकच तोंड असतं हे माझ्या डोक्यात कधी आलंच नव्हतं. आणि दादांची आढी तिला उलट्या तोंडानं पळवत होती.

वैनींनी आपल्या हातानं पट्टा उतरवला, पीळ काढला, सरळ चढवला. सरळ पट्टा ढिला पडला, म्हणून चौकट वीतभर लांब घ्यायला लावली. मग इंजन लावून तळहात ठेवला, जरा वेळ ऐकलं आणि वेग थोडा उतरवला. "आत्ता बरं म्हंतंय," त्या म्हणाल्या. मी चौकटीचे नट आवळायला लागलो.

रविवारी मुलगा आला. शेडभर माणसं. वैनींनी हँडल मारलं, मी गाडा ढकलला. करवत लाकडात शिरली आणि भुसा उडाला, हळदीसारखा पिवळा. सहा फूट लांब फळी सुटून आली. तिच्यावरून मी हात फिरवला तर ती कोमट होती. माणसांनी शिट्ट्या मारल्या. मुलगा मोबाइल माझ्यासमोर धरून म्हणाला, "काका, तुम्ही तर इंजिनियर निघालात! काल म्हणे चालत नव्हती. कशी चालवलीत? कुणी सांगितलं?"

माझ्या शेजारी वैनी खराट्यानं भुसा गोळा करत होत्या. त्यांचा खराटा थांबला.

मी म्हणालो, "सांगायला कुणी कशाला पाहिजे? पन्नास वर्षं लोखंडात गेलीत माझी."

खराटा पुन्हा चालू झाला.

"बघ आई," मुलगा खुश होऊन म्हणाला, "इंजनाला काम मिळालं आणि चालवायला काका आहेत. आता भंगारात नाही जायचं ते. शेडही राहू दे, खोल्या मागच्या अंगाला काढू. तू आता कशात अडकली नाहीस. चल."

ते पोरगं आपल्या शब्दाला जागत होतं. काम असलं आणि तुझ्यावाचून अडत असलं, तर राहा. मीच सगळ्यांसमोर सांगितलं होतं, त्यांच्यावाचून अडत नाही. एक वाक्य बोलायचं होतं मला. तोंडापर्यंत आलंही होतं. पण पंधरा माणसं माझ्याकडं पाहत होती आणि त्यांच्यात फणस भाजण्यावरून हसलेला तोही होता.

वैनी घरात गेल्या. चारच्या सुमाराला कापडाची एक पिशवी घेऊन बाहेर आल्या. गाडीत बसायच्या आधी माझ्याजवळ थांबल्या. मला वाटलं, आता बोलतील चार शब्द. हक्क होता.

"हँडल मारताना अंगठा आत घेऊ नगा," त्या म्हणाल्या. "बोटांच्या अंगाला ठेवा. उलटं मारतं त्ये." आणि बसल्या.

गाडी वळणावरून दिसेनाशी झाली. फणसाची फळी शेडच्या भिंतीला टेकवून ठेवली होती. लोक येत होते, फळी बघत होते, माझी पाठ थोपटत होते. आयुष्यात एवढी वाहवा मला मिळाली नव्हती आणि मला वाटत होतं, ह्यांनी एकदाचं घरी जावं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या गाडीनं मी भूगावला गेलो. लिफ्टची बटणं मला कळत नाहीत, सात मजले जिन्यानं चढलो. दार मुलानं उघडलं. "काका? एवढ्या सकाळी?"

मला दम लागला होता. बसायच्या आधी बोललो, बसलो असतो तर बोललो नसतो. "काल मी खोटं बोललो. माझी करवत उलटी पळत होती. तुझ्या आईनं सुलटी केली. खिळेही तिनंच काढले. वेगही तिनंच लावला. मी फक्त लोखंड जोडलं."

तो माझ्याकडं बघत राहिला, मग मागं वळून आईकडं. वैनी गॅलरीतल्या खुर्चीत बसल्या होत्या, कालचं लुगडं तसंच, पिशवी पायाशी, अजून न सोडलेली.

"मग आज इंजन कोण लावणार हाय, भावजी?" त्यांनी तिथूनच विचारलं.

"तेच विचारायला आलोय, वैनी," मी म्हणालो.