बापूंच्या अ‍ॅम्प्लिफायरची साफसफाई

चांगल्या चालत्या यंत्राची वाट लावण्यात माझा हात कुणी धरू शकत नाही.

आमच्या बापूंकडे (म्हणजे वडिलांकडे) देगलूरला मास्तर असतानाचा, काचेच्या बल्बांचा मोनो अ‍ॅम्प्लिफायर आहे. स्पीकर एकच, पण काय आवाज! लहानपणी त्यावर गाणं लागलं की मी बापूंच्या मांडीवरच झोपी जायचो. ते दिवस आठवले की अजून जीव हळवा होतो. तेव्हा शेजारी बसून ऐकायचे ते बापूंचे जोडीदार, शेखचाचा. ते आता लेकाकडे हैदराबादला कायमचे निघाले होते. जाता जाता नांदेडला आमच्याकडे उतरून, संध्याकाळी बापूंसोबत शेवटचं एक गाणं ऐकणार होते.

"बाळ्या, नुसती धूळ पूस. दुसरं काही करू नको," बापूंनी सकाळीच बजावलं.

धूळ पुसली, तर चारही बल्बांच्या डोक्यावर काळा चकचकीत डाग! ट्यूबलाइटचं टोक काळं पडलं की ती गेली, हे शेंबडं पोरही सांगेल. मी चारही बल्ब उपटले, कुणाचा हात कापू नये म्हणून जुन्या मोज्यात घातले (केवढी ती समज!) आणि दारात आलेल्या घंटागाडीत टाकून दिले.

"बापूंना इचारलं का?" माझी बायको सुनीता म्हणाली.

"नवीन आणून बसवतो. कसे खूश होतेत बघ!"

तेवढ्यात आतून बापूंचा आवाज आला. ते फोनवर शेखचाचांना सांगत होते, "अरे, चारी बल्ब ठणठणीत! डोक्यावरचा काळा डाग अजून आरशासारखा हाय. तो पांढरा पडला की समजायचं, खेळ खल्लास. आता असले बल्ब कुठं मिळून राहिलेत?"

माझ्या पायाखालची जमीन सरकली. बनियनवरच स्कूटर काढली, पुढच्या गल्लीत घंटागाडी गाठली आणि सरळ आत उडी मारली.

"काय हरवलं, सर?" दारातल्या एका मावशींनी विचारलं.

"लई किमती चीज हाय, मावशी!"

झालं! 'सरांच्या घरचं सोनं गेलं' म्हणत अर्धी गल्ली कचरा उपसायला लागली. शेवटी एकानं मोजा उचलला आणि झटकायला हात वर केला.

"झटकू नकोऽऽ!" मी असा ओरडलो की घंटागाडीचं गाणंही ऐकू येईना!

सोन्याऐवजी काच निघाल्यावर गल्लीनं मला काय काय ऐकवलं, ते इथं सांगण्यासारखं नाही.

चारही बल्ब शाबूत होते, ते मी बापूंच्या नकळत पुसून जागेवर बसवले. संध्याकाळी चाचा आले आणि बापूंनी बटण दाबलं. बल्ब तापेपर्यंत हे यंत्र हूं की चूं करत नाही. तेवढ्या वेळात मी माहूरच्या रेणुकामातेला नवस बोलून घेतला. हळूहळू बल्ब लालसर झाले, घुर्र झालं, आणि गाणं लागलं! शेखचाचांनी बापूंचा हात हातात घेतला. दोघं म्हातारे डोळे मिटून माना डोलवत बसले. मला एकदम भरून आलं.

गाणं संपल्यावर चाचांनी विचारलं, "बेटा, सध्या काय करून राहिला तू?"

मी उत्तराऐवजी पाण्याचा पेला पुढे केला. सुनीतानंच स्वयंपाकघरातून ठणकावून सांगितलं, "इंजिनिअरिंग कॉलेजात इलेक्ट्रॉनिक्स शिकवतेत, चाचा! विभागप्रमुख हायत!"

"वा! मग ह्या अ‍ॅम्प्लिफायरची फिकीरच नाही!"

बापूंनी माझ्या केसातलं कांद्याचं सालपट काढलं, निरखून पाहिलं, आणि आपली खुर्ची उचलून माझ्या आणि अ‍ॅम्प्लिफायरच्या मधोमध मांडली.